ओट्याची परवानगी

आपल्या इमारतीत आज घरोघरी ग्रॅनाइटचा ओटा आहे, भिंतीवर पाइपगॅसचा मीटर आहे. मुलांना त्यात विशेष काही वाटत नाही. पण याच जागेवरच्या जुन्या चाळीत आपण भाडेकरू होतो, तेव्हा घरात गॅस आणायला काय करावं लागे, ते लिहून ठेवायला हवं.

तसा लालबागला गॅस नवा नव्हता. बॉम्बे गॅस कंपनी इथलीच. गॅस कंपनी लेन हे नाव अजून तोंडात आहे. दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर 1865 पासून मुंबईतल्या रस्त्यांवरचे दिवे पेटू लागले. पुढे नळाने तो काही घरांतही गेला. गिरणी कामगारांच्या खोल्यांत मात्र शेगडी आणि स्टोव्हच. सिलिंडरचा गॅस मुंबईत आला 1955 साली, बर्मा शेल कंपनीचा 'बर्शेन'. ती कंपनी 1976 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आजची भारत गॅस तीच. तरी चाळीत बहुतेकांची भिस्त रेशनच्या रॉकेलवर. सत्तरच्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यामागे रॉकेलची टंचाईही होती.

गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमचा नंबर लागला 1981 साली. भाड्याची पावती आणि रेशनकार्ड दाखवलं, कागद झाले. अडलं ते ओट्यावर. आई पाटावर बसून स्वयंपाक करायची. पण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड; गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खाली उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, हा नियम. म्हणजे गॅस हवा तर ओटा हवा.

आणि ओटा म्हटलं की घरमालक! 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यात, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे खोली खाली करायला लावण्याचं एक कारण होतं. ओटा पक्कं बांधकाम की नाही, यावर कोर्टात भांडायची आमची ऐपत नव्हती. भाडं न्यायला येणारे मेहताजी वडिलांना म्हणाले, "ओटा खुशाल बांधा. पुढच्या महिन्यापासून पावती मिळणार नाही." पावती गेली की भाडेकरूपणाचा पुरावाच गेला.

तोड काढली शेजारच्या खोलीतल्या फिटरकाकांनी. लोखंडी अँगलचा घोडा, वर कडप्प्याची लादी. भिंतीत एक खिळा नाही, जमिनीला एक टवका नाही. मेहताजींनी वाकून वाकून पाहिलं, घोडा हलवून पाहिला आणि मुकाट्याने पावती फाडली. वर्षभरात आमच्या मजल्यावर असे सात घोडे झाले. आईची गुडघेदुखी पुरती गेली नाही, पण रॉकेलचा धूर आणि पिन मारणं सुटलं.

पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, याची यादीच दिली आहे. लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, धुराडं आणि उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा! जरूर तिथे पालिकेची परवानगी घ्या, पण ओट्यावरून घर खाली करायला लावता येत नाही. आपल्या संस्थेची नोंदणीही त्याच वर्षीची. आपण सभासद झालो, ओट्याचा प्रश्न संपला.

आपल्यापुरता संपला. आज आपल्यातल्या काही सभासदांनी घरं भाड्याने दिली आहेत. त्या घरांतली मंडळी गॅसच्या कागदांसाठी ऑफिसात येतात तेव्हा "मालकाला विचारा" असं ऐकून परत जातात, आणि मालक म्हणतात, "सोसायटीला विचारा." मेहताजींची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. नोंदणी केलेला करार दाखवला की आठ दिवसांत पत्र द्यायचं, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. पावतीसाठी जीव मुठीत धरून राहिलेल्या आईवडिलांची आपण मुलं. सर्वांनी हात वर करावा, ही विनंती.