सायक्लोस्टाइलवरचे बंड

1976 च्या जुलैत लंडनमध्ये मार्क पेरीने ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचे टंकलिखित, झेरॉक्स केलेले पत्रक काढले. कुणाची परवानगी मागायची नाही, हा पंकचा बाणा. मराठीत तो आधीच आला होता. चित्रे-कोलटकरांचे ‘शब्द’ 1950 च्या दशकात सायक्लोस्टाइलवर निघाले. 1963 मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. 1969 मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथा’ जाळली. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली, ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला.

फरक मात्र मोठा. लंडनची पोरे कपडे मुद्दाम फाडत. तसले कपडे किंग्ज रोडवरच्या दुकानात विकतही मिळत. इथे फाटके कपडे ही हौस नव्हती आणि राग जातीवरचा होता. लघुअनियतकालिकांच्या बंडाला ‘मराठी पंक’ म्हणताना एवढे विसरू नये.