उज्जैनच्या जुन्या घरात कामाची जागा

शिंदेशाहीत उज्जैनला स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना घरातली कचेरी नवी नव्हती. वाड्याच्या दर्शनी भागात सदर असे. हिशेब, पत्रव्यवहार, भेटीगाठी तेथेच चालत. राणोजी शिंद्यांचे दिवाण आणि महाकालेश्वर मंदिराची पुनर्बांधणी करणारे रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या काळातली ही रीत. पुढे वाटण्या झाल्या, कुठे सदरेचे दुकान झाले. 2020मध्ये टाळेबंदीमुळे नोकरी घरी आली, तेव्हा अशा घरांत उरला होता तो माळा किंवा जिन्याखालची अडगळ.

माळा प्रथम डोळ्यांत भरतो. पण उज्जैनमध्ये तो टाळावा. शहर 23 अंश 11 कला उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर असतो आणि ऊन भिंतींऐवजी छपरावर कोसळते. पत्र्याखालची खोली त्या दिवसांत माणसाला आणि संगणकाला सारखीच असह्य.

तळमजल्यावरचा जिन्याखालचा भाग जाड भिंतींमुळे तुलनेने थंड राहतो. 90 सेंटीमीटर रुंद, 60 खोल आणि 75 उंच मेज पुरते. खुर्चीसाठी मागे किमान तेवढीच खोली हवी. उताराच्या बुटक्या बाजूस मेज आणि उंच बाजूस माणूस, अशी मांडणी करावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून मेज चार बोटे दूर असावे. चुन्या-मातीच्या भिंतीत जड फळी ठोकू नये. जमिनीवर उभे राहणारे कपाट बरे. जाड भिंतींपुढे वायफाय दुबळे पडते, म्हणून तार ओढून घेणेच शहाणपणाचे.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. जिना बहुधा वरच्या मजल्याची एकमेव वाट असतो, आणि जुन्या घरात तो लाकडी. त्याखाली रद्दी, जुने कपडे आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लोंबणारी चार यंत्रे एकत्र आली, तर एका ठिणगीने वरच्यांची सुटकाच बंद होते. त्यामुळे आधी अडगळ काढावी, मग अर्थिंगसह स्वतंत्र वायरिंग व एमसीबी बसवून घ्यावा आणि त्यानंतरच मेज आणावे.

गुदरी किंवा पटणी बाजाराच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाची सवारी दुपारी चारच्या सुमारास निघते. त्या दिवशीची ऑनलाइन बैठक सकाळीच आटोपावी.