गर्भनलिका-अडथळ्याच्या चाचण्या

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नलिका खुल्या आहेत की बंद, हे पाहण्यासाठी ज्या तपासण्या केल्या जातात त्यांना गर्भनलिका-अडथळ्याच्या चाचण्या म्हणतात. गर्भधारणेस विलंब होत असलेल्या जोडप्यांच्या तपासणीत त्यांचा समावेश असतो. एच.एस.जी., सोनोग्राफीवर आधारित तपासणी आणि लॅपरोस्कोपी अर्थात दुर्बिणीची तपासणी हे त्यांचे तीन प्रमुख प्रकार होत. या तिन्ही चाचण्या एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्यामुळे 'नळी बंद' या एका अहवालावरून वंध्यत्वाचा निष्कर्ष काढता येत नाही.

पार्श्वभूमी

स्त्रीबीज व शुक्राणू यांचा संयोग सामान्यतः गर्भनलिकेत होतो. ओटीपोटातील जंतुसंसर्ग, क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांमुळे नलिका बंद होऊ शकते अथवा आसपासच्या अवयवांना चिकटू शकते. नलिका खुली आहे का, हे तपासण्यासाठी आयसिडोर रुबिन यांनी १९२० मध्ये गर्भाशयात वायू सोडण्याची पद्धत मांडली. पुढे क्ष-किरणांवर दिसणाऱ्या द्रव्याचा वापर रूढ झाला.

एच.एस.जी.

या चाचणीत गर्भाशयमुखातून बारीक नळीद्वारे आयोडिनयुक्त द्रव्य सोडले जाते आणि त्याचा प्रवास क्ष-किरणांवर पाहिला जातो. द्रव्य नलिकेच्या टोकातून ओटीपोटात सांडले, तर नलिका खुली समजतात. पाळी थांबल्यानंतर व स्त्रीबीज सुटण्यापूर्वी, साधारणतः पाळीच्या सहाव्या ते अकराव्या दिवसादरम्यान ही चाचणी केली जाते. त्यामुळे गर्भ असण्याची शक्यता टळते. पूर्ण भूल लागत नाही, परंतु पाळीसारखी कळ येते. गर्भारपणात आणि ओटीपोटात सक्रिय संसर्ग असताना ही चाचणी करत नाहीत. आयोडिनची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधी सांगणे आवश्यक असते.

गर्भाशयाच्या कोपऱ्यातील स्नायू आकसल्यास खुली नलिकाही बंद दिसते, ही या चाचणीची मुख्य मर्यादा होय. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात लॅपरोस्कोपीशी तुलना करण्यात आली. त्यानुसार अडथळा असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६५ जणींचा अडथळा एच.एस.जी.वर ओळखला गेला आणि अडथळा नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ८३ जणींच्या नलिका खुल्या दिसल्या. उदाहरणादाखल, शंभर स्त्रियांपैकी वीस जणींच्या नलिका खरोखर बंद आहेत असे मानल्यास त्यांतील १३ जणींना 'बंद' असा अहवाल मिळेल. नलिका खुल्या असलेल्या ८० जणींपैकी सुमारे १४ जणींनाही तोच अहवाल मिळेल. म्हणजे 'बंद' ठरलेल्या २७ जणींपैकी निम्म्याहून अधिक अहवाल चुकीचे असतील. याउलट 'खुली' हा अहवाल बराच विश्वासार्ह असतो.

या चाचणीचा उपचारात्मक लाभही नोंदला गेला आहे. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलयुक्त द्रव्य वापरलेल्या गटात सहा महिन्यांत ३९.७ टक्के, तर जलयुक्त द्रव्याच्या गटात २९.१ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली व ती टिकली.

सोनोग्राफीवर आधारित तपासणी

यात क्ष-किरणांऐवजी योनीमार्गे सोनोग्राफी करतात आणि गर्भाशयात हवेचे बुडबुडे असलेले सलाइन किंवा विशेष फेस सोडतात. किरणोत्सर्ग व आयोडिन दोन्ही टळतात. बीजाशय, गर्भाशयाच्या गाठी आणि पाण्याने फुगलेली नलिकाही याच वेळी पाहता येते. निष्कर्ष मात्र तपासणाऱ्याच्या कौशल्यावर बराच अवलंबून असतो. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात या पद्धतीची अचूकता एच.एस.जी.च्या जवळपास आढळली. फेस वापरून केलेली तपासणी तुलनेने कमी वेदनादायक असल्याचेही दिसून आले आहे.

लॅपरोस्कोपी

पूर्ण भूल देऊन बेंबीजवळील लहान छेदातून दुर्बीण आत घालतात आणि गर्भाशयातून सोडलेले निळे द्रव्य नलिकांतून बाहेर येते का, हे पाहतात. इतर चाचण्यांची अचूकता पारंपरिकपणे हिच्याशी ताडून पाहतात. चिकटलेले अवयव व एंडोमेट्रिओसिस प्रत्यक्ष दिसतात आणि शक्य असल्यास त्याच वेळी उपचारही करता येतात. तथापि ही शस्त्रक्रिया असल्याने खर्च व धोका दोन्ही अधिक असतात. म्हणून ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनानुसार पूर्वीचा संसर्ग, एंडोमेट्रिओसिस अथवा नलिकेतील गर्भधारणा यांचा इतिहास नसलेल्या स्त्रियांसाठी प्रथम एच.एस.जी. सुचवली जाते, तर असा इतिहास असलेल्यांसाठी लॅपरोस्कोपी.

क्षयरोगाचा संदर्भ

भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे. एच.एस.जी.वर मण्यांच्या माळेसारखी दिसणारी नलिका त्याकडे निर्देश करते, पण केवळ चित्रावरून निदान होत नाही. ऊतीच्या नमुन्याची तपासणी व इतर चाचण्या आवश्यक असतात. क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत मोफत मिळतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

या परिसराला वैद्यकीय सेवेची जुनी परंपरा आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये, तर कराडची कृष्णा वैद्यकीय संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. पाटण व जावळीसारखे डोंगराळ आणि जत व आटपाडीसारखे दुष्काळप्रवण तालुके या केंद्रांपासून दूर आहेत. तेथील कुटुंबाला प्रत्येक फेरीसाठी प्रवासखर्च सोसावा लागतो व मजुरी बुडवावी लागते. त्यामुळे पाळीची तारीख जुळवून चाचणीचा दिवस ठरवणे आणि पतीची वीर्यतपासणी आधी करून घेणे यांना विशेष महत्त्व आहे. अनेक जोडप्यांत कारण पुरुषाकडे असते, तरीही 'वांझ' हा शिक्का स्त्रीवरच बसतो.

सोनोग्राफी यंत्रांना गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील नोंदणी सक्तीची आहे. या विषयावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला. गर्भनलिकांची तपासणी गर्भ नसताना केली जात असल्याने तिचा लिंगनिदानाशी संबंध नाही.

अहवालानंतर

'बंद' अहवाल आल्यास चाचणी पुन्हा करणे, दुसऱ्या पद्धतीने पडताळणे अथवा लॅपरोस्कोपी करणे हे पर्याय असतात. एक नलिका खुली असल्यास नैसर्गिक गर्भधारणा शक्य असते. दोन्ही बंद असल्याचे निश्चित झाल्यास वय व इतर कारणे पाहून शस्त्रक्रिया किंवा टेस्ट ट्यूब पद्धतीचा विचार होतो. पाण्याने फुगलेली नलिका टेस्ट ट्यूब उपचारापूर्वी काढल्यास किंवा बंद केल्यास यशाची शक्यता वाढते.