गिळायची नायट्रेट गोळी : उंदराच्या यकृतापासून सुरू झालेला वाद

छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, गिळू नका, असे तुम्हाला सांगितलेले असते. मग त्याच घराण्यातली दुसरी गोळी सकाळी पाण्याबरोबर गिळायला का देतात? प्रश्न रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी औषधशास्त्रज्ञही यावरूनच भांडत होते.

औषध जुनेच. १८७९ साली लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचा अंजायनावरील उपयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पण शरीर त्याचे पुढे काय करते, हे कळायला फार उशीर लागला. अमेरिकेत सेंट लुईस येथे फिलिप नीडलमन यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर याचा पाठपुरावा केला. यकृतातले एक एन्झाइम ग्लुटाथायोनच्या मदतीने रेणूवरचे नायट्रेट गट एकेक करून तोडते, असे दिसले. आतड्यातून शोषलेले रक्त आधी यकृतातच जाते, म्हणजे वाटेत जकात नाकाच! जिभेखालचे औषध हा नाका चुकवून थेट मुख्य रक्तप्रवाहात पोचते. १९७२ साली नीडलमन व सहकाऱ्यांनी या प्रयोगांच्या आधारे सांगितले, की नायट्रेट गिळून घेण्याला शास्त्रीय आधार नाही.

अनेक डॉक्टरांना हे पटले नाही, कारण रुग्णांना गुण येताना दिसत होता. पुढे मोठे डोस देऊन व्यायामचाचण्या केल्या, तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला. माझ्या मते उंदरांचे प्रयोग चुकीचे नव्हते. त्यांतून काढलेला अर्थ घाईचा होता. नाक्यावर थोडाच माल अडत होता असे नाही. गिळलेल्या आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटपैकी मूळ रूपात साधारण पाव भागच रक्तात पोचतो. पण दोनपैकी एक नायट्रेट गट गेल्यावर उरणारे मोनोनायट्रेट निकामी नसते. तेही रक्तवाहिन्या सैल करते, आणि डायनायट्रेटपेक्षा बराच जास्त वेळ, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे ५ तास आहे.

मग यकृताने बनवलेला हा पदार्थच औषध म्हणून का देऊ नये? तसेच झाले. ५-मोनोनायट्रेट यकृतात पहिल्या फेरीत जवळजवळ तुटतच नाही, गिळलेले बहुतेक सगळे रक्तात पोचते. तुमची सकाळची गोळी बहुधा हीच. ती रोजच्या बचावासाठी आहे. ऐन कळेच्या वेळी तिचा उपयोग नाही, तेव्हा जिभेखालचीच हवी. आणि रात्रीचा डोस डॉक्टरांनी मुद्दाम दिलेला नसेल, तर आपल्या मनाने वाढवू नका: चोवीस तास रक्तात नायट्रेट राहिले, तर रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात.