टॅसिटस, पब्लियस कॉर्नेलियस

(सु. ५६–सु. १२०). रोमन इतिहासकार, वक्ता व प्रशासक. बहुधा दक्षिण गॉलमधील घराण्यात जन्म. सेनानी अग्रिकोला याचा जावई. सम्राट डोमिशियनच्या कारकीर्दीत तो प्रेटर झाला (८८), ९७ मध्ये कॉन्सल आणि पुढे आशिया प्रांताचा राज्यपाल. ज्या राजवटीवर त्याने नंतर कोरडे ओढले, तिच्यातच त्याची बढती झाली होती. सासऱ्याच्या चरित्रात (९८) त्याने हे लपवलेले नाही : डोमिशियनच्या रोषाला बळी पडलेल्या हेल्व्हिडियसला तुरुंगात नेणारे हात सीनेटरांचे, म्हणजे आपलेच होते, असे तो लिहितो.

हिस्टरीज या ग्रंथात इ. स. ६९ ते ९६ चा, तर ॲनल्समध्ये ऑगस्टसच्या मृत्यूपासून (१४) नीरोपर्यंतचा इतिहास आहे. सम्राटांचा क्रूरपणा इतर इतिहासकारांनीही रंगवला. टॅसिटसची नजर मात्र सीनेटवर अधिक रोखलेली असते. सभा भरतात, ठराव होतात, जुनी पदनामे चालू राहतात. पण सम्राटाच्या मनात काय आहे, हे ताडण्यातच सर्वांचा वेळ जातो. राजद्रोहाच्या खटल्यात आरोपीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा फिर्याद करणाऱ्यांना मिळे, त्यामुळे चहाडी हा धंदाच झाला. इ. स. २५ मध्ये क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केल्याबद्दल व कॅशियसला शेवटचा रोमन म्हटल्याबद्दल खटला झाला. त्याने अन्नत्याग करून प्राण सोडला. ग्रंथ जाळले गेले, तरी लपवलेल्या प्रती उरल्या, हे सांगताना टॅसिटसला झालेला आनंद लपत नाही.

त्याची शैली तुटक आणि बोचरी. एखाद्या कृतीची दोन कारणे द्यायची, त्यांतले वाईट शेवटी ठेवायचे आणि निवाडा वाचकावर सोडायचा, ही त्याची खास हातोटी. राग वा पक्षपात न ठेवता लिहीन, ही त्याची प्रतिज्ञा सम्राट टायबीरियसच्या बाबतीत टिकत नाही. साधनांचा वापर मात्र तो जाणून करतो. गॉलमधील पुढाऱ्यांना सीनेटमध्ये घेण्याविषयी क्लॉडियसने ४८ मध्ये केलेले भाषण लिआँ येथे १५२८ मध्ये सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर कोरलेले आहे. ॲनल्समध्ये तेच भाषण येते : आशय बराचसा तोच, पण सम्राटाचे पाल्हाळ छाटलेले.

ॲनल्सची पहिली सहा पुस्तके नवव्या शतकातील एकाच हस्तलिखितामुळे वाचली, तीही पाचव्याचा मोठा भाग वगळून. कॅलिग्युलावरची पुस्तके पूर्णपणे नष्ट झाली आहेत.