वाकडी बोटं, शाबूत स्नायू

कोपर दाराच्या चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे तुम्ही अनुभवलं असेलच. तिथे कातडीखाली, हाडाला अगदी लागून अल्नर नर्व्ह जाते. कुष्ठरोगाच्या इतिहासात या जागेला फार महत्त्व आहे.

नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तरी पुढची सत्तर वर्षं रुग्णांच्या आखडलेल्या बोटांकडे सर्जन फारसे वळले नाहीत. मांसच सडतंय, ऑपरेशन केलं तरी जखम भरणार नाही, असा समज होता.

१९४६ मध्ये पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी एका रुग्णाचा वाकडा हात हातात घेतला आणि जोरात दाबायला सांगितलं. पकड इतकी घट्ट बसली की ब्रँड कळवळले. हात निकामी, मग ही ताकद कुठून आली?

उत्तर शरीररचनेत आहे. मूठ वळणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या कंडरा, म्हणजे टेंडन. बोटं सरळ करायला मदत करणारे बारीक स्नायू मात्र तळहातातच असतात आणि त्यातले बहुतेक अल्नर नर्व्हवर चालतात. आता, या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून खांद्यातल्या खोल, उबदार नर्व्ह बहुधा वाचतात आणि कोपरापाशी वरवर असलेली अल्नर सापडते. बारीक स्नायू बंद, मोठे चालू. मग बोटं पंजासारखी वळणारच!

ब्रँड यांनी शाबूत स्नायूची कंडरा सोडवून बोटांना नव्या जागी जोडली. जखम नेहमीसारखी भरली. व्यायामाने मेंदू त्या स्नायूचं नवं काम शिकला आणि बोटं उघडू लागली.

संवेदना मात्र परतली नाही. गरम भांडं, खिळा, रात्री कुरतडणारा उंदीर, काहीच कळायचं नाही. बोटं जायची ती प्रामुख्याने अशा न कळलेल्या जखमांनी. 'महारोगाने बोटं झडतात' हे वाक्य तुम्ही आजही ऐकाल. तेव्हा हे नक्की सांगा. आणि अंगावर बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, हेही सांगा. वेळेत घेतलं तर नर्व्ह वाचू शकते.