भुसावळ परिसर

जळगाव जिल्ह्यातील तापीकाठचे तालुक्याचे गाव व मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे, दुसरा खांडव्याकडे जातो. गाडी बदलण्यापुरतेच येथे उतरणाऱ्या प्रवाशाने दोन दिवस मुक्काम करावा, इतके तापीच्या दोन्ही काठांना आहे.

त्यात पहिला मान हतनूरचा. तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगाला ४१ दरवाजांचे हे धरण आहे. जलाशयात गाळ फार साचला आहे. सिंचनाला तो जाचक. पाणपक्ष्यांना मात्र त्यामुळेच उथळ काठ आणि मुबलक चारा मिळतो. हिवाळ्यात येथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे उतरतात. चक्रवाक चिखलात बसला असता नारिंगी दिसतो; उडाला की पंखांवरची पांढरी झाक एकदम उघडते. पहाटे निघून उजाडताना काठावर असावे. पाण्याच्या फार जवळ गेल्यास अख्खा थवा उठून पैलतीर गाठतो, म्हणून दुर्बीण हवीच.

संगमावर चांगदेवाचे कोरीव काळ्या दगडाचे प्राचीन मंदिर आहे. जवळच मुक्ताईनगर तालुक्यात कोथळी व मेहूण ही मुक्ताबाईची स्थाने. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे यात्रा भरते. चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू मानले. गुरुशिष्यांची स्थाने इतकी जवळ असल्याने दोन्ही एकाच फेरीत पाहावीत.

तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात आणि सातपुड्याची निळसर रेघ समोर येते. १९३६चे काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेले पहिले, ज्या फैजपूरला झाले ते याच वाटेवर. पुढे रावेर तालुक्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण आणि १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य. साग, सालई, अंजन यांच्या या रानात तडवी व पावरा वस्ती आहे. वाटाड्या याच पाड्यांवरचा घ्यावा, पायवाटा त्यांच्याच. आडगावजवळचे मनुदेवी मंदिर पावसाळ्यात पाहावे, कारण तेव्हाच शेजारचा धबधबा भरून कोसळतो.

उन्हाळा टाळावा, मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हिवाळ्यात शिवारातल्या भरीत पार्टीचे आमंत्रण मिळाल्यास नाकारू नये. बामणोदची हिरवी, पांढरट रेघांची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, ठेचतात आणि कांद्याची पात घालून कळण्याच्या भाकरीबरोबर बांधावरच वाढतात.